अडखळण कोणी ठेवले?

देवासहून धारला बिर्‍हाड हलवायचे म्हणजे काही मोठी मोहीम नव्हे. इंदुरावरून गेले तर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. सकाळी सामान चढवले की दुपारचा चहा नव्या घरी होतो. शिवाय माळव्यातल्या मराठी माणसाला बिर्‍हाड हलवणे नवे नाही. अठराव्या शतकात पवार सरदारांच्या मागोमाग मराठी कुटुंबे नर्मदा ओलांडून इकडे आली. धारला एक गादी झाली, देवासला दोघा भावांच्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. पुढे कोणी मिशनच्या कामासाठी आले, कोणी देवासच्या नोटांच्या छापखान्यात लागले, कोणी धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या कारखान्यांत. बदली झाली की ट्रंका बांधायच्या आणि निघायचे, हे आमच्या अंगवळणी पडले आहे. म्हणून आमच्या उपासनेत पेटी वाजवणारे मास्तर धाकट्या बहिणीजवळ राहण्यासाठी धारला जाणार असे कळले, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नाही. विशेष वाटले ते नंतर, ते बिर्‍हाड हलायला सव्वा महिना का लागला हे त्यांनी सांगितले तेव्हा.

मास्तरांना दिसत नाही. काचबिंदूने त्यांची दृष्टी पन्नाशीच्या आतच गेली. परंतु ते कोणाच्या हाताला धरून दिवस काढणारे गृहस्थ नव्हेत. विजेचे बिल ते स्वतः भरतात, औषधे स्वतः मागवतात, आणि आमच्या मंडळीत कोणाचा वाढदिवस केव्हा हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. हे सर्व ते आपल्या फोनवर करतात. पडद्यावर बोट फिरवले की त्या बोटाखाली काय आहे ते फोन बोलून दाखवतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते बटण दाबले जाते. ही सोय आजकालच्या बहुतेक साध्या फोनांत असते. संगणकासाठीही असा वाचक आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह ह्या दोन अंध तरुणांनी २००६ साली त्याचे काम आरंभिले, आणि तो जगभर फुकट मिळतो. बाजारात तशा वाचकाची किंमत फार चढी होती, म्हणून अंधांनीच अंधांसाठी हे केले. असो.

तर मास्तरांनी देवासच्याच एका सामान हलवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर ट्रक ठरवायचे मनात आणले. पहिल्या रकान्यावर बोट ठेवले. फोन म्हणाला, "एडिट बॉक्स." दुसऱ्यावर ठेवले. "एडिट बॉक्स." तिसऱ्यावरही तेच. डोळसाला त्या रकान्यांशेजारी 'कोठून', 'कोठे', 'नाव' असे लिहिलेले दिसत होते. पण ते शब्द नुसते शेजारी ठेवलेले होते, रकान्याला बांधलेले नव्हते. फोन काही द्रष्टा नव्हे. वेबसाइट बनवणाऱ्याने आतून जे नाव दिले असेल तेच तो वाचतो, आणि दिलेच नसेल तर मुकाट राहतो. मास्तरांनी अंदाजाने भरले. मग ट्रक निवडायचा होता. तेथे तीन चित्रे होती, छोटा हत्ती, चौदा फुटी आणि सतरा फुटी. फोनने वाचले ते छायाचित्राच्या फाइलीचे नाव, कसलेसे आकडे. तारखेचे पंचांग बोटाला सापडेना. शेवटी वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा, म्हणजे तुम्ही यंत्र नसून मनुष्य आहात हे सिद्ध होईल, अशी अट होती. मास्तर हे सांगताना हसले. "भाऊ, मी मनुष्य आहे हे सिद्ध करायला मला डोळे लागतात, हे मला त्या दिवशी कळले."

"मग फोन का नाही केलात?" मी विचारले.

"नंबर कोठे होता?"

नंबर होता. मोठ्या नारिंगी अक्षरांत होता. पण तो ट्रकाच्या चित्रावर रंगवलेला होता, आणि चित्रातले अक्षर त्यांच्या फोनला वाचता आले नाही.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या वेबसाइटवरचा मराठी आणि हिंदी मजकूर माझा आहे. कंपनीचा मालक माझ्या परिचयाचा तरुण; त्याने विनंती केली आणि मी आनंदाने दोन संध्याकाळी बसून लिहून दिले. ते ट्रकाचे चित्र वर असावे आणि नंबर त्यावरच शोभेल, ही सूचनाही माझीच. मला ते फार छान दिसले होते.

त्या रात्री मी लेवीयाचा एकोणिसावा अध्याय काढून वाचला. बहिऱ्याला शाप देऊ नये आणि आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नये अशी आज्ञा तेथे एकाच वचनात आहे. आपण ती शब्बाथशाळेत शिकवतो तेव्हा मुलांना सांगतो की अपंगांची चेष्टा करू नका. ते खरेच आहे. पण ह्या दोन कृत्यांत एक विलक्षण साम्य आहे, आणि ते माझ्या ध्यानात पूर्वी आले नव्हते. बहिऱ्याला दिलेला शाप त्याला ऐकू येत नाही. आंधळ्यापुढे ठेवलेला धोंडा कोणी ठेवला हे त्याला दिसत नाही. दोन्ही ठिकाणी ज्याचा अपराध झाला तो फिर्याद करू शकत नाही. तो पडतो, उठतो, गुडघा चोळतो आणि पुढे जातो. म्हणूनच त्या वचनाच्या शेवटी कोणा न्यायाधीशाचे नाव नाही; देवाचे भय बाळगण्यास सांगितले आहे. जेथे दुसरा साक्षीदार नाही तेथे तोच एक उरतो.

आणखी एक. ही आज्ञा कोणत्या शेजारात आहे ते पाहावे. तिच्या लगेच आधी मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये अशी आज्ञा आहे. तिच्या लगेच नंतर न्यायनिवाड्यात पक्षपात नको असे आहे, आणि अध्यायाच्या अखेरीस खरा तराजू व खरी वजने ठेवण्यास सांगितले आहे. म्हणजे आंधळ्याची वाट मोकळी ठेवणे हे दानधर्माच्या खात्यात घातलेले नाही. ते मजुरी, न्याय आणि वजनमापे यांच्या रांगेत आहे. खोटे वजन ठेवणाऱ्या वाण्याने 'मी गरिबांना सणासुदीला धान्य वाटतो' असे सांगून काय उपयोग? तद्वतच, ज्याच्या दुकानाचे दार एका माणसाला उघडतच नाही त्याने वर्षातून एकदा अंधशाळेत केळी वाटून ते दार उघडत नाही.

हा दया आणि देणे यांतला फरक आहे. आपल्या मंडळ्यांना दया चांगली जमते, आणि त्याचा सार्थ अभिमान आपण बाळगतो. १८८७ साली अ‍ॅनी शार्प ह्या मिशनरी बाईंनी अमृतसरला हिंदुस्थानातली पहिली अंधशाळा काढली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी १९०० च्या दुष्काळाच्या सुमारास तसेच काम हाती घेतले. आमच्या धारमध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टर मार्गारेट ओहारा १८९५ साली आल्या, आणि त्यांचे उदाहरण मला येथे अधिक लागू वाटते. त्या काळी पुरुष डॉक्टराचा दवाखाना कोणाला बंद नव्हता. दार सताड उघडे असे. परंतु पडद्यातल्या बाईला त्या दारातून आत जाताच येत नसे. 'दार उघडे आहे, येत नाहीत तो त्यांचा प्रश्न,' असे म्हणून भागले असते. ज्यांनी स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर आणल्या त्यांना हे समजले होते की दार उघडे आहे की नाही, हे आत बसलेल्याने ठरवायचे नसते.

मी मालकाकडे गेलो. तो वाईट मुलगा नाही, हमालांची मजुरी त्याच संध्याकाळी चुकती करतो. त्याने माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, मी काही मुद्दाम केले नाही. आणि खरे सांगा, किती आंधळी माणसे घर बदलतात? वर्षातून एक? अशांनी सरळ फोन करावा. मी तर त्यांना भाड्यात सूटही देईन."

ह्यात तीन उत्तरे आहेत, आणि तिन्ही प्रामाणिक आहेत. म्हणून ती सहज झटकून टाकता येत नाहीत.

मुद्दाम केले नाही, हे खरे. मीही केले नव्हते. मग आम्ही दोषी कसे? ह्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. धोंडा ठेवणे आणि धोंडा राहू देणे यांत अंतर आहे, हे कोणीही मान्य करील. पण अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नव्या घराला कठडा बांधण्याविषयी एक छोटासा नियम आहे. छपराला कठडा नसेल आणि कोणी खाली पडला तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो, असा त्याचा भावार्थ. तो घर बांधणारा कोणाला ढकलत नाही. कोण पडेल हे त्याला ठाऊकही नाही. त्याच्या मनात कोणाविषयी वाईट नाही. किंबहुना त्याच्या मनात कोणीच नाही, आणि नेमका हाच त्याचा दोष आहे. जो दुसऱ्याने वापरायची वस्तू बांधतो त्याने आपल्यासारखी नसलेली माणसे मनात आणणे हे बांधकामाचाच भाग आहे. वेबसाइट काही डोंगरासारखी निसर्गाने उभी केलेली नसते. तिच्यातले प्रत्येक बटण कोणीतरी हाताने ठेवलेले असते. म्हणून तेथे 'धोंडा राहिला' असे म्हणणे मला पटत नाही. ठेवला गेला; ठेवताना आम्ही पाहत नव्हतो इतकेच. आणि कळल्यानंतरही तो तेथेच राहिला तर मग 'मुद्दाम नव्हे' हा शब्दही आमच्याजवळ उरत नाही.

किती माणसे, हा दुसरा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंगांची नोंद झाली, शंभरांत दोनांहून थोडी अधिक. त्यांत न दिसणारे पन्नास लाखांवर, ऐकू न येणारेही साधारण तितकेच, आणि हालचालीची अडचण असलेले चौपन्न लाख. परंतु मालकाचे म्हणणे असे की त्याच्या वहीत एकही नाही. बरोबर आहे, वहीत येतील कसे? ज्यांना पहिल्याच रकान्यात अडखळून परत जावे लागले त्यांची नावे कोणत्या वहीत लिहिणार? जिने असलेल्या कचेरीत बसून 'येथे चाकाच्या खुर्चीवरचे कोणी येतच नाही' असे म्हणण्यासारखे ते आहे.

कित्येक लोक येथे असे सांगतात की उद्या आपणही म्हातारे होऊ, आपलेही डोळे अधू होतील, म्हणून आजच सोय करावी. खरे आहे, आणि त्या नारिंगी अक्षरांचा त्रास माझ्या चाळिशीच्या चष्म्यालाही होतच होता. परंतु हा युक्तिवाद मला फारसा आवडत नाही. त्याने न्यायाचा विमा होतो. मास्तरांचे देणे मी देतो ते उद्या मला लागेल म्हणून नव्हे. ते त्यांचे आहे म्हणून.

तिसरे, फोन करावा. ह्यावर मास्तरांचेच उत्तर मला द्यायचे आहे. मी त्यांना रागावून म्हटले होते, "मी जवळ होतो ना! मला सांगायचे, पाच मिनिटांचे काम." ते म्हणाले, "तुम्ही केलेच असते. पण मग माझ्या घरात काय काय आहे, कपाट केवढे, धारला का चाललो, भाड्याला पैसे किती आहेत, हे सगळे तुम्हाला सांगायला हवे होते. फोनवर आलेला तो गुप्त आकडाही तुमच्या स्वाधीन करायचा. मला तुमचा संशय नाही हो. पण माझे बिर्‍हाड मला हलवायचे होते."

डोळस माणसाला जे काम करताना कोणालाही विश्वासात घ्यावे लागत नाही, त्यासाठी अंधाला शेजाऱ्यापुढे आपले कपाट उघडावे लागते. आपण त्याला मदत म्हणतो. आणि बहिऱ्याला तर फोन करण्याचा उपदेश करणे म्हणजे काय, हे मी मालकाला विचारले तेव्हा तो गप्प झाला. त्याला ते सुचलेच नव्हते. मलाही मास्तरांशी बोलेपर्यंत सुचले नव्हते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या वाचकांपैकी काहीजण दुकानदार आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून अमलात आला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ह्यात एकवीस आहेत. त्याचे ४६ वे कलम सेवा पुरवणाऱ्या सरकारी आणि खाजगी अशा दोघांनाही लागू आहे. राजीव रतुरी ह्या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली दाखल केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असे म्हटले की सोयींचे नियम नुसते शिफारसवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने संगणक आणि फोनद्वारे मिळणाऱ्या सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. त्या खटल्यातील एक अर्जदार प्रज्ञा प्रसून ह्यांच्यावर आम्लहल्ला झालेला आहे. बँकेत खाते उघडताना त्यांना सांगण्यात आले की तुम्ही जिवंत आहात हे दाखवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करा. आणि त्यांच्या पापण्यांना तेच शक्य नव्हते. मास्तरांच्या वेड्यावाकड्या अक्षरांची मला तेव्हा आठवण झाली.

परंतु माझ्या ह्या मित्राला मी कायद्याचे भय घालू इच्छीत नव्हतो. भयाने केलेले काम कसे होते याचे एक उदाहरण आहे. वेबसाइटमध्ये एक ओळ घाला, म्हणजे कोपऱ्यात खुर्चीचे चिन्ह येईल आणि सारे आपोआप सुगम होईल, असे सांगून तयार माल विकणाऱ्या कंपन्या आहेत. अशाच एका कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ साली खोट्या जाहिरातीबद्दल दहा लाख डॉलर भरावयास लावले. चुना फासलेल्या कबरींविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. आता त्या पडद्यावरही असतात.

खरे काम त्यापेक्षा साधे आणि कंटाळवाणे असते. सर्व जगाच्या वेबसाइटांसाठी ह्याचे नियम १९९९ पासून लिहिलेले आहेत आणि वेळोवेळी सुधारले जातात. प्रत्येक रकान्याला त्याचे नाव आतून बांधायचे. प्रत्येक चित्राला दोन शब्दांचे वर्णन द्यायचे, 'चौदा फुटी ट्रक, दोन खोल्यांच्या सामानासाठी' असे. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक असे अंतर ठेवायचे. चूक झाली तर नुसता रकाना लाल करायचा नाही, काय चुकले ते शब्दांत सांगायचे, कारण लाल रंग सर्वांनाच लाल दिसत नाही. माऊस न धरता नुसत्या कळांवर सारे चालले पाहिजे, कारण हात थरथरणाऱ्याला माऊस धरवत नाही. ह्यात कोठलीही जादू नाही. तरी जगातील दहा लाख प्रमुख वेबसाइटांची पहिली पाने दरवर्षी तपासली जातात, तीत २०२५ साली शंभरांतील सुमारे पंच्याण्णव पानांवर दोष आढळले, आणि सर्वांत जास्त आढळले ते हेच, फिकट अक्षरे, बिनवर्णनाची चित्रे, बिननावाचे रकाने. म्हणजे आम्ही दोघे काही एकटे पापी नव्हतो. एवढे कळून समाधान वाटले, आणि समाधान वाटले याची लाजही वाटली.

मालकाच्या भाच्याने, ज्याने ती वेबसाइट बनवली होती, चार संध्याकाळी बसून ही दुरुस्ती केली. पहिल्या संध्याकाळी त्याने स्वतःच्या फोनचा आवाज चालू करून, डोळ्यांवर रुमाल बांधून आपलेच काम वापरून पाहिले. दहा मिनिटांत त्याने रुमाल काढला. पण मास्तरांना विचारल्याशिवाय चालणार नव्हते. बार्तीमयाला दिसत नव्हते हे साऱ्या यरीहोला दिसत होते, तरी प्रभूने त्याला काय हवे ते विचारलेच. म्हणून रविवारी आम्ही तिघे धारला त्यांच्या बहिणीच्या घरी गेलो.

आम्ही गेलो होतो रकान्यांविषयी विचारायला. मास्तर बोलू लागले खोक्यांविषयी. ते जे म्हणाले ते मी आजवर कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. "घर म्हणजे माझी दृष्टी," ते म्हणाले. "देवासच्या घरात मला सगळे दिसत होते. डाव्या हाताला पाण्याचा माठ, चार पावलांवर खुंटी, फळीवर तिसरी बरणी साखरेची. बिर्‍हाड हलवले त्या दिवशी मी दुसऱ्यांदा आंधळा झालो. हमाल चांगले होते, पण सगळी खोकी सारखीच, त्यांवर पेनने लिहिलेले. काय कशात आहे हे मला तीन आठवडे ठाऊक नव्हते. पेटी कोणत्या खोक्याखाली आहे हेही नाही." शेवटी ट्रक त्यांना एका शिष्याच्या वडिलांनी ठरवून दिला होता, सव्वा महिन्याने.

मालक बराच वेळ खोक्यांवर बोलत राहिला. स्वयंपाकघराच्या खोक्याला सुतळीची एक गाठ, कपड्यांच्या खोक्याला दोन, पुस्तकांच्या तीन, असे करता येईल का? मास्तर म्हणाले, करता येईल, पण गाठी मी सांगेन तशा बांधा, तुम्ही ठरवू नका. आणि बांधताना प्रत्येक खोक्यात काय गेले ते मोठ्याने म्हणा, मी फोनवर नोंदवून घेईन. भाचा हे सगळे लिहून घेत होता. त्याने वेबसाइटवर एक रकाना वाढवला, 'सामान बांधताना आम्ही कशाची काळजी घ्यावी?' त्यात कोणते अपंगत्व आहे असा प्रश्न नाही, हे मला आवडले.

वेडीवाकडी अक्षरे अजून गेलेली नाहीत. ती काढली तर खोट्या मागण्यांचा पूर येतो असे भाच्याचे म्हणणे आहे; त्याऐवजी फोनवर आकडा पाठवण्याची सोय तो करीत आहे. बहिऱ्यांसाठी संदेशाने भाडे ठरवण्याची व्यवस्था झाली आहे, पण संदेशाला उत्तर द्यायला मालकाच्या कचेरीत अजून उशीर होतो.

दरम्यान मी घरी येऊन आमच्या मंडळीच्या सूचना पाहिल्या. उपासनेची वेळ, प्रार्थनासभेचे घर, शब्बाथशाळेच्या परीक्षेची तारीख, हे सर्व आम्ही फुलांच्या चौकटीत रंगवून चित्र म्हणून सर्वांच्या फोनवर पाठवतो. गेली कित्येक वर्षे मास्तर दर शनिवारी संध्याकाळी मला फोन करून उद्याची गीते कोणती ते विचारीत असत, आणि मला वाटे की त्यांना पेटीचा सराव करायचा असतो. आता मी अक्षरांत लिहून पाठवतो. एका शिक्षिकाबाईंनी तक्रार केली की फुले गेली. फुले ठेवा, बाई, पण खाली दोन ओळी लिहाही, एवढेच मी त्यांना सांगितले. आमच्या मंदिराच्या तीन पायऱ्यांना कठडा नाही हा विषय पंचकमिटीपुढे आहे.

धारहून निघण्यापूर्वी मास्तरांनी सुधारलेली वेबसाइट आमच्यासमोर वापरून पाहिली. भाचा शेजारी बसला होता, पण त्याने हात मांडीवर ठेवले होते. 'कोठून', फोन म्हणाला. धार. 'कोठे'. देवास. तारीख सापडली. 'छोटा हत्ती, एका खोलीच्या सामानासाठी'. अक्षरांपाशी अडले तेव्हा भाच्याने तेवढे वाचून दाखवले आणि खाली मान घातली. मग मास्तरांनी बटण दाबले, फोनने काहीतरी म्हटले, आणि आम्ही चहा घेऊन निघालो.

मंगळवारी सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. कंपनीचा ट्रकवाला त्यांच्या दारात उभा होता, बरोबर दोन हमाल, सुतळीचे बंडल आणि बारा रिकामी खोकी. चाचणी आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. "त्याला काय सांगू?" मास्तर विचारीत होते, आणि मागे त्यांची बहीण मोठ्याने हसत होती.